नागानोची ताजी पाने : वेबवरील साठवलेल्या पानांच्या शिळेपणाचा इतिहास

जपानमधील नागानो शहरात ७ ते २२ फेब्रुवारी १९९८ या काळात भरलेल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांच्या अधिकृत संकेतस्थळाकडे सोळा दिवसांत ६३ कोटी ४७ लाख विनंत्या आल्या, आणि महिलांच्या फिगर स्केटिंगच्या निर्णायक फेरीच्या सुमारास एका मिनिटात १,१०,४१४ विनंत्यांची नोंद होऊन तिला गिनेस विक्रमाची मान्यता मिळाली. हे आकडे वेबच्या तत्कालीन लोकप्रियतेचा पुरावा म्हणून वाचता येतात, परंतु त्यांचे महत्त्व त्याहून मोठे आहे. ज्या पानांसाठी ही झुंबड उडाली होती त्यांतील मजकूर स्पर्धा चालू असताना सतत बदलत होता. तरीही जवळजवळ सर्व विनंत्या आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतींमधून भागवल्या गेल्या आणि नवा निकाल नोंदला गेल्यावर काही सेकंदांत नवी पाने जगभर उपलब्ध झाली. साठवलेली प्रत वेगाने देता येते पण ती शिळी होते, आणि ताजी प्रत दर वेळी नव्याने घडवायची तर वेग जातो, हा पेच तोपर्यंत अपरिहार्य मानला जात असे. डेटाबेसमधील एखादी नोंद बदलली की तिच्या आधारे घडलेली कोणती पाने शिळी झाली हे नेमके ओळखून तेवढीच ताजी करण्याची रीत नागानोमध्ये प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर कसाला लागली.

मूळ मिळवण्यास वेळ लागत असेल तर त्याची प्रत जवळ ठेवावी, ही कल्पना वेबपेक्षा बरीच जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये संथ पण मोठ्या स्मृतीपुढे छोटी आणि वेगवान स्मृती ठेवण्याची योजना मांडली, आणि आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात तशी स्मृती प्रत्यक्षात आली. अशा तात्पुरत्या साठ्याला पुढे ‘कॅशे’ हे नाव रूढ झाले. मात्र तेथे मूळ आणि प्रत ही दोन्ही एकाच यंत्राच्या ताब्यात होती, त्यामुळे मूळ बदलले की प्रतीला त्याची वर्दी देणे तुलनेने सोपे होते. वेबवर ही सोय उरली नाही. १९९४ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या सर्व्हरमध्ये आरी लुओटोनेन यांनी वाचक आणि मूळ सर्व्हर यांच्यामधल्या मध्यस्थ सर्व्हरची आणि त्यात पाने साठवण्याची व्यवस्था केली, तेव्हापासून एखाद्या पानाच्या प्रती त्याच्या प्रकाशकाला ठाऊकही नसलेल्या असंख्य यंत्रांवर राहू लागल्या. कोलोरॅडो विद्यापीठाशी निगडित हार्वेस्ट प्रकल्प आणि त्यातून १९९६ मध्ये निघालेला ‘स्क्विड’ हा मध्यस्थ सर्व्हर यांनी ही प्रथा विद्यापीठे आणि इंटरनेट-सेवा कंपन्या यांच्यापर्यंत नेली.

या दूरच्या प्रतींच्या शिळेपणावर पहिला उपाय शोधला गेला तो काळाच्या आधाराने. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेबवर पाने मागवण्या-पाठवण्याच्या एचटीटीपी या नियमसंचाच्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात पानासोबत त्याची मुदत पाठवण्याची, तसेच पान शेवटी कधी बदलले ते कळवण्याची सोय होती. प्रत बाळगणाऱ्या सर्व्हरला ‘अमुक वेळेनंतर बदल झाला असेल तरच पान पाठवा’ अशी सशर्त विनंती करता येई, आणि बदल झालेला नसल्यास मूळ सर्व्हर पान न पाठवता केवळ ३०४ हा संकेतांक उत्तरादाखल देई. ज्या पानावर मुदतच लिहिलेली नसे त्याच्यासाठी अ‍ॅलेक्स नावाच्या फाइल-व्यवस्थेत व्हिन्सेंट केट यांनी १९९२ मध्ये वापरलेला अंदाज उपयोगी पडे : जी फाइल दीर्घकाळ बदललेली नाही ती लगेच बदलण्याची शक्यता कमी, म्हणून तिची प्रत अधिक काळ ग्राह्य धरावी. हे उपाय आजही चालू आहेत आणि चित्रे किंवा जुने लेख यांसाठी ते उत्तम आहेत. त्यांची मर्यादा अशी की ते पानाला त्याचे वय विचारतात, आणि वयावरून शिळेपणाचा केवळ तर्क करता येतो. मुदत दीर्घ ठेवली तर वाचकाला चुकीचा निकाल दिसतो आणि अल्प ठेवली तर काहीही बदललेले नसताना मूळ सर्व्हरकडे हेलपाटे होतात. या दोहोंच्या मधली योग्य मुदत शोधण्यात १९९० च्या दशकातील बरेच संशोधन खर्ची पडले.

त्यातच पानांचे स्वरूप बदलत होते. १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हरसोबत आलेल्या सीजीआय या पद्धतीमुळे वाचकाची विनंती येताच एखादा प्रोग्रॅम चालवून, त्याच्याकडून डेटाबेसला प्रश्न विचारून आणि मिळालेल्या नोंदी साच्यात बसवून पान जागच्या जागी घडवता येऊ लागले. अशा चल पानामागे एकच एक फाइल नसते, म्हणून ‘शेवटी कधी बदलले’ हा प्रश्न त्याला सरळ लागू होत नाही. ते दहा सारण्यांमधील शंभर नोंदींवरून बनलेले असू शकते आणि त्यांतील कोणतीही नोंद केव्हाही बदलू शकते. साहजिकच बहुतेक मध्यस्थ सर्व्हर अशी पाने साठवतच नसत. स्थिर फाइल देण्याच्या मानाने चल पान घडवण्यास कित्येक पट अधिक श्रम लागतात, कारण प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू करणे आणि डेटाबेसची वाट पाहणे हे दोन्ही खर्च त्यात असतात. म्हणजे ज्या पानांना साठ्याची सर्वाधिक गरज होती नेमकी तीच साठ्याबाहेर राहिली.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या संकेतस्थळासाठी आयबीएमने चल पानांचाही साठा केला होता आणि तो काही प्रमाणात यशस्वी ठरला : सुमारे ८० टक्के विनंत्या साठ्यातून भागल्या. उरलेल्या २० टक्क्यांचे कारण मात्र शिकवून जाणारे होते. निकालाची नवी नोंद आली की तिच्यामुळे कोणती पाने शिळी झाली हे व्यवस्थेला नेमके ठाऊक नसे, आणि चुकीचा निकाल दाखवण्याचा धोका पत्करायचा नसल्याने संशयास्पद वाटणारी पुष्कळ पाने एकदम रद्द केली जात. त्यांत न बदललेली पानेही जात आणि ती सर्व पुन्हा घडवावी लागत. शिवाय या रद्द करण्याची वेळ सर्वांत अडचणीची असे, कारण निकालाचे पान नोंद बदलताच शिळे होते आणि नोंद बदलली की तेच पान पाहण्यासाठी वाचकांची रीघ लागते. शिळेपणाचा आणि मागणीचा क्षण असा एकच असल्याने, पान साठ्यातून काढल्यावर पहिल्या विनंतीसाठी ते घडवले जात असतानाच त्याच पानासाठी आणखी शेकडो विनंत्या येऊन थडकतात आणि प्रत्येक विनंती आपापल्या परीने डेटाबेसकडे धावते. सरासरी ८० टक्के हा आकडा या गर्दीचे खरे रूप झाकतो. व्यवस्थेची कसोटी सरासरीच्या वेळी लागत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या टी. जे. वॉटसन संशोधन केंद्राशी संबंधित जिम चॅलेंजर, अरुण अय्यंगार आणि पॉल डँटझिग यांनी नागानोसाठी जी रीत तयार केली तिला त्यांनी ‘डेटा अपडेट प्रोपगेशन’, म्हणजे मूळ माहितीतील बदल पुढे पोचवणारी रीत, असे नाव दिले. संक्षेपाने ती ‘डीयूपी’ म्हणून ओळखली जाते. तिचा गाभा एका आलेखात आहे. गणितातील अर्थाने आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दिशादर्शक रेषा. येथे काही बिंदू डेटाबेसमधील मूळ माहितीचे होते, काही साठवलेल्या पानांचे; आणि एका बिंदूवरील बदलाचा दुसऱ्यावर परिणाम होत असेल तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे रेषा काढलेली असे. समजा, नॉर्वेच्या ब्यर्न डेली यांनी स्कीइंगची शर्यत जिंकल्याची नोंद झाली, तर त्या शर्यतीच्या निकालाचे पान बदलणार हे उघड आहे. पण त्याचबरोबर त्या खेळाडूचे पान, नॉर्वेच्या पथकाचे पान, पदकतालिका, त्या क्रीडाप्रकाराचे मुख्य पान आणि त्या दिवसाच्या घडामोडींचे पान हीही शिळी होतात. मानवी संपादकाला हे संबंध सहज कळतात, मात्र स्पर्धेच्या धामधुमीत ते प्रत्येक वेळी पूर्णपणे आठवतील याची खात्री नसते. आलेखात ते एकदाच नोंदले जात. नंतर बदल झालेल्या बिंदूपासून निघून रेषांच्या दिशेने जिथपर्यंत पोचता येईल तिथपर्यंतची पाने शिळी ठरत आणि बाकीच्यांना हात लावला जात नसे.

या आलेखातील रेषांना वजनही देता येई, ही त्यातील विशेष विचारपूर्वक केलेली सोय होती. प्रत्येक बदलाचा प्रत्येक पानावर सारखाच परिणाम होत नाही. पदकतालिकेतील सुवर्णपदकांचा आकडा चुकीचा असणे आणि एखाद्या पानाच्या कडेला असलेल्या यादीत शेवटची बातमी नसणे यांत फरक आहे. वजनांची बेरीज करून पान किती शिळे झाले ते मोजता येते आणि ठरावीक मर्यादा ओलांडल्यावरच ते ताजे करावे असे ठरवता येते. आधीच्या पद्धतींमध्ये पान ग्राह्य किंवा अग्राह्य एवढेच दोन पर्याय होते. येथे शिळेपणाला मात्रा लाभली.

शिळे ठरलेले पान ओळखल्यानंतर त्याचे काय करायचे, या दुसऱ्या प्रश्नाचे नागानोतील उत्तरही वेगळे होते. सर्वसाधारण रीत अशी की शिळे पान साठ्यातून काढून टाकावे आणि पुढचा वाचक मागेल तेव्हा ते नव्याने घडवावे. नागानोमध्ये पान काढले जात नसे. डेटाबेसमधील बदलांवर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅम आलेखावरून बाधित पाने शोधी, ती वाचकाच्या विनंतीची वाट न पाहता घडवून घेई आणि साठ्यातील जुन्या प्रतीच्या जागी नवी प्रत ठेवी. त्यामुळे जुनी प्रत जाऊन नवी येईपर्यंत मध्ये रिकामी जागा कधी राहिलीच नाही, आणि वाचकांच्या झुंबडीचा भार डेटाबेसपर्यंत पोचला नाही. साठ्यातून भागलेल्या विनंत्यांचे प्रमाण ८० टक्क्यांवरून जवळजवळ १०० टक्क्यांवर गेले ते या एका निर्णयामुळे, असे मानण्यास जागा आहे. अर्थात कोणीही न मागितलेले पानही त्यात ताजे केले जाते आणि ते श्रम वाया जातात. पण पानांची संख्या आटोक्यात असेल आणि वाचक कोट्यवधी असतील तर हा सौदा निर्विवाद फायद्याचा असतो.

यंत्रसामग्रीची मांडणी याच तत्त्वाला धरून होती. एकूण १४३ प्रोसेसर असलेल्या आयबीएमच्या तेरा एसपी-२ यंत्रणा चार ठिकाणी विभागलेल्या होत्या : टोकियो आणि अमेरिकेतील शॉमबर्ग, कोलंबस व बेथेस्डा. नागानोमधील मूळ डेटाबेसच्या प्रती टोकियो आणि शॉमबर्ग येथे जात, शॉमबर्गहून त्या कोलंबस व बेथेस्डाला पोचत, आणि प्रती पोचल्यावर पाने त्या त्या ठिकाणी घडवली जात. एखादे केंद्र बंद पडले तर त्याचा भार इतरांनी उचलावा अशी व्यवस्था होती, आणि संपूर्ण स्पर्धाकाळात संकेतस्थळ एकदाही बंद पडले नाही. पानांच्या रचनेचाही यात वाटा होता : प्रत्येक दिवसाचे स्वतंत्र मुखपृष्ठ ठेवून त्यावरच ताजे निकाल आणि पदके दिल्यामुळे वाचकाला हवी ती माहिती मिळवण्यासाठी पूर्वीइतकी पाने पालटावी लागली नाहीत.

नागानोच्या यशाला काही अनुकूल परिस्थितींचा आधार होता, हे येथे नोंदवणे न्यायाचे ठरेल. माहिती लिहिणारा स्रोत एकच होता, पाने सर्वांसाठी सारखी होती आणि कोणते पान कशावर अवलंबून आहे हे संकेतस्थळ बांधणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. या रीतीचा पुढचा टप्पा २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी दिसतो. तेथे पान हे एकसंध न मानता तुकड्यांचे बनलेले मानले गेले, पदकतालिका हा एक तुकडा एकदाच घडवून अनेक पानांत बसवला गेला, आणि आलेखात माहिती व पान यांच्यामध्ये तुकड्यांचा आणखी एक थर आला.

हाच प्रश्न डेटाबेसच्या अभ्यासकांनी वेबच्या आधीच दुसऱ्या नावाने हाताळला होता. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साठवून ठेवले की त्याला साकार दृश्य म्हणतात, आणि मूळ सारण्या बदलल्यावर हे साठवलेले उत्तर संपूर्ण पुन्हा न काढता फक्त बदलापुरते कसे सुधारावे यावर ब्लेकली, लार्सन आणि टॉम्पा यांचा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणते बदल त्या उत्तरावर परिणाम करूच शकत नाहीत हे आधी तपासून ते बाजूला काढण्याची रीत त्यात होती. साठवलेले वेबपान हेही साकार दृश्यच आहे, फक्त त्यावर रंग आणि मांडणी चढवलेली असते. तरीही ही दोन संशोधने बराच काळ समांतर वाहिली. २००० मध्ये लाब्रिनिडिस आणि रूसोपूलोस यांनी पान कोठे साकार करावे, डेटाबेसमध्ये की वेब सर्व्हरवर, असा प्रश्न उघडपणे विचारला तेव्हा दोन्ही प्रवाहांची ठळक गाठ पडली.

नागानोच्या रीतीतील सर्वांत कष्टाचा भाग, म्हणजे अवलंबन हाताने नोंदवणे, टाळण्याचा प्रयत्न २००१ मध्ये एनईसी या जपानी कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतील ‘कॅशेपोर्टल’ने केला. वेब सर्व्हरच्या नोंदवहीतील विनंत्या आणि डेटाबेसच्या नोंदवहीतील प्रश्न यांची वेळेनुसार सांगड घालून कोणते पान कोणत्या प्रश्नांवरून बनले हे ही व्यवस्था बाहेरूनच ताडत असे, आणि बदल झाल्यावर त्या प्रश्नांचे उत्तर बदलले असण्याची शक्यता तपासून पाने रद्द करी. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता हे साधणे कौतुकास्पद होते, परंतु ताडलेला संबंध आणि नोंदवलेला संबंध यांत विश्वासार्हतेचे अंतर राहतेच.

२००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग-सेवेसाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘मेमकॅशेडी’ हा सामायिक स्मृतिसाठा तयार केला, तेव्हा प्रश्नाचे रूप पुन्हा पालटले. प्रत्येक वाचकाला वेगळे पान दिसू लागल्याने अख्खे पान साठवण्यात अर्थ उरला नाही. साठवले जाऊ लागले ते पानाचे घटक. कोणता घटक केव्हा काढून टाकायचा याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आली, आणि तिच्यासोबत एक सूक्ष्म दोषही आला. एका सर्व्हरने डेटाबेसमधून जुनी नोंद वाचली, तेवढ्यात दुसऱ्याने नोंद बदलून साठ्यातील प्रत काढली, आणि मग पहिल्याने आपल्या हातातील जुनी नोंद साठ्यात ठेवली, तर ती शिळी प्रत पुढचा बदल होईपर्यंत तशीच राहते आणि तिच्यावर कोणाचेच लक्ष नसते.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दोषावरचा उपाय सांगितला आहे. साठ्यात नोंद सापडली नाही तर मागणाऱ्याला ६४ बिटांची एक खूण मिळते. मधल्या काळात ती नोंद काढण्याचा आदेश आला तर खूण बाद होते आणि ती घेऊन आलेली जुनी माहिती साठा स्वीकारत नाही. एकाच नोंदीसाठी अशी खूण दहा सेकंदांत एकदाच द्यायची, या बंधनामुळे झुंबडीलाही आळा बसला : विशेष गर्दी ओढणाऱ्या काही नोंदींच्या बाबतीत डेटाबेसवरील सर्वोच्च भार सेकंदाला १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आला. नोंद काढण्याचे आदेश कोणी द्यायचे हा प्रश्न त्यांनी डेटाबेसच्या बदलवहीवर सोपवला; पक्क्या झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद या वहीत क्रमाने होते, ती वाचणारा प्रोग्रॅम प्रत्येक डेटाबेस सर्व्हरवर बसवला गेला, आणि साठ्याला मिळणारी वर्दी प्रोग्रॅमरच्या स्मरणावर अवलंबून राहिली नाही. नागानोच्या उलट येथे प्रत सुधारण्याऐवजी काढून टाकली जाते, कारण काढण्याचा आदेश दोनदा पोचला तरी काही बिघडत नाही, तर सुधारणेचे दोन आदेश उलट क्रमाने पोचल्यास चुकीची प्रत मागे राहते. शेकडो सर्व्हरवर पसरलेल्या साठ्यात ही निवड योग्यच होती. तिची किंमतही त्याच निबंधात दिली आहे : काढण्याच्या आदेशांपैकी केवळ ४ टक्के आदेशांना काढण्यासारखी प्रत साठ्यात सापडत असे.

अवलंबनाचा आलेख सामान्य वाचकाला जवळजवळ डोळ्यांनी दिसावा असे उदाहरण म्हणजे विकिपीडिया. तेथे लेखात बदल जतन होताच पुढच्या फळीतील साठ्याला त्या पानाची प्रत काढण्याचा आदेश जातो आणि लॉगइन न केलेल्या वाचकालाही नवा मजकूर लवकर मिळतो. अनेक लेखांत वापरायचा सामायिक मजकूर मात्र वेगळ्या पानावर ठेवलेला असतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर अशा पानांना ‘साचा’ म्हणतात, आणि जिल्हे, गावे, चित्रपट, खेळाडू यांच्या लेखांत उजवीकडे दिसणाऱ्या माहितीच्या चौकटी याच साच्यांमधून येतात. कोणत्या पानात कोणता साचा वापरला आहे याची स्वतंत्र सारणी डेटाबेसमध्ये असते, म्हणजे नागानोतील आलेख येथे सारणीच्या रूपात कायम जपलेला असतो. फरक एवढाच की रेषा कोणी अभियंता काढत नाही. संपादकाने लेखात साच्याचे नाव लिहिले की रेषा आपोआप नोंदली जाते. साचा बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेली हजारो पाने एकदम घडवायला घेतली तर सर्व्हरवर मोठा ताण येईल, म्हणून ती कामे रांगेत टाकली जातात आणि सवडीने पुरी होतात. मधल्या काळात काही लेखांत जुनी चौकट दिसते आणि काहींत नवी. ज्या संपादकाला एखादे पान तेवढा वेळ थांबून चालणार नसेल त्याला त्या एका पानापुरती साठवलेली प्रत स्वतः काढून टाकण्याची सोय तेथे आहे.